उकिडव्यांच्या दोन फांद्या

"एकादशीबद्दल आला असाल तर आम्ही दिलगीर आहोत," फाटकाशी उभे असलेले गृहस्थ म्हणाले. मी अजून रिक्षातून बॅगच उतरवत होते. "दोन्हींपैकी कुठल्याही दिवशी उपास केला असेल तरी पुण्य लागेल, असं तात्यांनी सांगितलंय."

"काका, मी केतकी. पुण्याची."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "अरे, तू होय. मग आत ये. तुझी आत्या सकाळपासून वाट बघतेय."

हे माझ्या आत्याचे यजमान, अच्युतकाका उकिडवे. कऱ्हाडचं उकिडवे पंचांग त्यांच्या आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, वाढवलं आणि आता ते अच्युतकाका आणि त्यांचे धाकटे भाऊ विद्याधरकाका मिळून काढत होते. मिळून म्हणजे एकाच घरात राहून. दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. खाली अच्युतकाका, वर विद्याधरकाका, आणि मधल्या जिन्यावरून निरोप घेऊन वर-खाली करणाऱ्या दोन जावा: माझी शुभदाआत्या आणि कुंदाकाकू.

मी आले त्या वेळी माझी पुण्यातली नोकरी मंदीत गेली होती. आत्यानं फोनवर एवढंच म्हटलं होतं, "तू कम्प्युटरवालीच ना? घरी बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा इकडे ये. आमच्याकडे भिंती आहेतच, शिवाय कामही आहे."

काम काय ते चहाबरोबर कळलं. चार दिवसांपूर्वी श्रावणातली पुत्रदा एकादशी झाली होती. पंचांगाच्या आतल्या पानावर ती एका दिवशी छापली होती आणि मागच्या व्रतांच्या यादीत दुसऱ्या दिवशी. आतलं पान अच्युतकाकांचं, मागची यादी विद्याधरकाकांची. निम्म्या तालुक्यानं एक दिवस उपास केला, निम्म्यानं दुसरा, आणि काही सावध माणसांनी दोन्ही. त्यातल्या एक आजी दुसऱ्या दिवशी देवळात चक्कर येऊन पडल्या. त्यांचा जावई पंचांग घेऊन दारात उभा राहिला होता आणि कुठल्या पानावर विश्वास ठेवायचा ते लिहून मागत होता. साताऱ्याच्या विक्रेत्यानं तर कळवलंच होतं, की पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं तर उकिडवे पंचांग दुकानात ठेवणार नाही.

"चूक कोणाची?" मी विचारलं.

"वरच्यांची," अच्युतकाका म्हणाले.

मी वर गेले. विद्याधरकाका कम्प्युटरसमोर बसले होते. "चूक खालच्यांची," मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले. "आणि तुम्ही त्यांच्या माहेरच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या माहेरच्या. तेव्हा तुमच्याकडून न्यायाची अपेक्षा नाही. चहा घेणार का?"

पंचांगाचं गणित करणारा प्रोग्राम दोघांनी मिळून लिहिला होता, बोलत होते त्या काळात. सूत्रं अच्युतकाकांची, लिखाण विद्याधरकाकांचं. पुढे प्रत्येकाच्या कम्प्युटरवर त्याच्या प्रती झाल्या. खाली 'अंतिम', 'अंतिम-खरा' आणि 'अंतिम-खरा-शेवटचा' अशा फाइली होत्या. वर 'नवा', 'नवा-नवा' आणि एक नुसतीच 'दादांनी हात लावू नये'. छपाईच्या वेळी कोणती पानं कोणत्या फाइलीतून निघाली, ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. एकमेकांची फाइल उघडायची नाही, हा मात्र दोघांचा बाणा.

तात्या ओटीवरच्या आरामखुर्चीत पडून ऐकत होते. अठ्ठ्याहत्तरीचे, नजर अधू, कान शाबूत. "यावर तुमच्या शास्त्रात काही उपाय आहे का गं?" त्यांनी मला विचारलं.

"आहे. गिट म्हणून एक व्यवस्था आहे. प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल ती जपून ठेवते. कोणी केला, कधी केला, कशासाठी केला, सगळं. दोघांच्या दोन फांद्या करायच्या. ज्यानं त्यानं आपल्या फांदीवर काम करायचं आणि शेवटी दोन्ही जोडून एक पंचांग काढायचं."

"फांद्या तर आहेतच," तात्या म्हणाले. "जोडायचं तेवढं बघ."

दुसऱ्या दिवशी मी खालच्या कम्प्युटरपासून वरपर्यंत केबल टाकली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेली, आणि संध्याकाळपर्यंत कुंदाकाकूंनी तिच्यावर ओटा पुसायची फडकी वाळत घातली. दोन्हीकडे गिट बसवलं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता काळा पडदा आणि त्यावर टाइप करायच्या आज्ञा.

"आज्ञा दिली की पाळतो?" तात्यांनी विचारलं.

"बरोबर दिली तर पाळतो."

"या घरात प्रथमच."

'गिट इनिट' असं लिहून मी सुरुवात केली. मग गिटला काम करणाऱ्याचं नाव सांगावं लागतं. अच्युतकाकांनी स्वतःच्या हातानं टाइप केलं: ज्योतिर्भूषण अच्युत वासुदेव उकिडवे. वर विद्याधरकाकांनी खालच्यांनी काय लिहिलंय ते माझ्याकडून काढून घेतलं आणि नुसतंच 'विद्याधर' लिहिलं. "आम्हाला उपाधींची गरज नाही," ते म्हणाले, आणि हे खाली कळेल अशा बेतानं दोनदा म्हणाले.

पुढचं मी दोघांना वेगवेगळं शिकवलं. बदल केला की 'गिट अ‍ॅड'. मग 'गिट कमिट', म्हणजे हा बदल पक्का. कमिट करताना अवतरणचिन्हांत एक ओळ लिहायची, काय केलं आणि का. त्या पडद्यावर तेव्हा मराठी अक्षरं धड उमटत नसत, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहायची. आणि रोज संध्याकाळी 'गिट पुश' करून आपली फांदी सामाईक जागेत पाठवायची, म्हणजे दुसऱ्याला दिसेल.

पहिलं संकट मी बाजारात गेले असताना आलं. अच्युतकाका ओळ लिहायला विसरले आणि नुसतंच 'गिट कमिट' करून एंटर दाबलं. अशा वेळी गिट एक जुना 'संपादक', म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, उघडतं, की इथे लिही. त्यात शिरणं सोपं असतं. बाहेर कसं पडायचं हे ठाऊक असणारेच बाहेर पडतात. काकांनी हर तऱ्हेची कळ दाबून पाहिली. कम्प्युटर बंद केला तर पंचांग जाईल या भीतीनं ते खुर्चीवरून उठेनात. आत्यानं ताट तिथेच आणून दिलं.

"अभिमन्यू झालाय तुझ्या काकाचा," मी परतल्यावर तात्यांनी सांगितलं.

वर विद्याधरकाकांना बाहेर पडायची युक्ती माहीत होती. पण खाली येणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी कुंदाकाकूंना पढवून पाठवलं: एस्केप दाबा, मग कोलन, मग क्यू, मग उद्गारचिन्ह. काकू जिना उतरेपर्यंत क्रम विसरल्या. "कोलन आहे आणि उद्गारचिन्ह आहे," त्यांनी खाली येऊन सांगितलं, "मधे कोणीतरी आहे." पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. तिसऱ्या खेपेला मीच दारात पोचले आणि काकांना सोडवलं.

"त्यांना सांग," अच्युतकाका ताठ बसत म्हणाले, "आम्हाला जमलंच असतं."

पहिले काही दिवस कमिटच्या ओळी कोरड्या होत्या. 'मार्गशीर्षाचे मुहूर्त.' 'अक्षरांचा आकार.' मग विद्याधरकाकांना कळलं, की आपण लिहिलेली ओळ खाली वाचली जाते. त्या संध्याकाळी त्यांच्या फांदीवर आलं: 'दादांच्या फांदीवर पुढच्या श्रावणातील एक तिथी गळाली आहे.'

सकाळी उत्तर होतं: 'ती गळालेली नसून क्षयतिथी आहे. पंचांगकर्त्याच्या घरात जन्मून एवढे ठाऊक असावे.'

दुपारी: 'ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहे का ते तपासत होतो.'

गंमत अशी, की ओळ लिहायची तर आधी बदल हवा. बदलच नसेल तर गिट कमिट करत नाही. त्यामुळे एकमेकांना टोमणा मारण्यासाठी दोघांनाही आधी काहीतरी दुरुस्त करावं लागे. इतकी वर्षं पडून असलेल्या चुका भराभर निघू लागल्या. अच्युतकाकांनी नुसतं 'उर्मटपणा कमी करावा' एवढं म्हणता यावं म्हणून ग्रहणांचं अख्खं कोष्टक पुन्हा तपासलं.

जेवणं झाली की कुंदाकाकू खाली येत. मी 'गिट लॉग' ही आज्ञा दिली की सगळ्या ओळी नावानिशी पडद्यावर येत, आणि काकू त्या तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. आत्या शेंगा सोलत ऐके. नवरे तेव्हा वामकुक्षीला गेलेले असत, निदान तसं दाखवत.

"'खारा सूर्योदय वापरावा,'" काकूंनी एकदा वाचलं.

"खारा नसेल गं," तात्या म्हणाले. "खरा असेल. इंग्रजीत लिहिल्यावर सूर्यसुद्धा लोणच्यात जायचा."

मग एक दिवस विद्याधरकाकांची ओळ आली: 'नक्षत्रांच्या वेळा दुरुस्त. खालच्या खोकल्यावर अडुळसा घ्यावा, रात्रभर वर ऐकू येतो.'

काकूंनी वाचून झाल्यावर आत्या उठली आणि परसात अडुळशाची पानं तोडायला गेली. दुसऱ्या दिवशी अच्युतकाकांच्या फांदीवर होतं: 'करणांची यादी पूर्ण. घेतला. कडू आहे.'

भाद्रपद लागला. छापखान्याचा माणूस येऊन तारीख देऊन गेला. फांद्या जोडायची वेळ आली होती. मी दोघांना खालच्या कम्प्युटरशी बोलावलं. विद्याधरकाका जिना उतरून आले आणि खुर्ची भावापासून शक्य तितकी दूर घेऊन बसले. जावा दारात उभ्या राहिल्या. तात्या खुर्चीत डोळे मिटून होते.

मी 'गिट मर्ज' लिहिलं. पडद्यावर भराभर ओळी गेल्या. सहा वर्षं वेगळं चाललेलं काम मिनिटभरात एक झालं. फक्त एका जागी गिट अडलं. एकाच ओळीत दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या असतील तर ते स्वतः निर्णय घेत नाही. दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडतं, वर-खाली बाणांच्या रांगा ओढतं आणि म्हणतं, तुम्ही ठरवा.

"कुठे अडलंय?" अच्युतकाकांनी मला विचारलं.

"सूर्योदयाशी."

दोघंही एकदम मागे टेकले. भांडण मुळात याच गोष्टीवरून झालं होतं. सूर्य उगवला असं कधी म्हणायचं? अच्युतकाका म्हणत, सूर्यबिंबाचा मध्य क्षितिजावर आला की. विद्याधरकाका म्हणत, वरची कड दिसली की. दोन्हींत फरक तीन-चार मिनिटांचा. पण सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची तिथी. नेमक्या त्या मिनिटांत दशमी संपून एकादशी लागली, तर अख्ख्या तालुक्याचा उपास एका दिवसानं पुढे-मागे होतो.

"त्यांना सांग," अच्युतकाका म्हणाले, "माझी ओळ ठेवायची. ती मी मनानं लिहिलेली नाही."

"त्यांना सांगा," विद्याधरकाका म्हणाले, "माझीही मनानं लिहिलेली नाही."

"तुम्ही दोघं आधी पडद्यावर बघा," मी म्हणाले, आणि बाजूला झाले.

बाणांच्या मध्ये दोन्ही मजकूर होते. वर अच्युतकाकांचा: 'बिंबाचा मध्य घ्यावा. तात्यांना विचारून केले.' खाली विद्याधरकाकांचा: 'बिंबाची कड घ्यावी. तात्यांना विचारून केले.'

दोघांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग अच्युतकाका हळूच वळले. माझ्याकडे नाही, भावाकडे.

"तुला कधी म्हणाले?"

"आई गेली त्याच आठवड्यात. सकाळी," विद्याधरकाका म्हणाले. "आणि तुला?"

"मला संध्याकाळी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझं बरोबर आहे. तुला?"

"हेच."

दारात कुंदाकाकूंनी आत्याचा हात धरला. दोघं भाऊ आता खुर्चीकडे बघत होते. तात्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण झोपलेल्या माणसाची मान इतकी सरळ नसते.

"तात्या," अच्युतकाका म्हणाले.

"ऐकतोय."

"तुम्ही आम्हा दोघांनाही बरोबर म्हणालात?"

"म्हणालो." त्यांनी डोळे उघडले. "तुमच्या आईला जाऊन चार दिवस झाले होते. सकाळी एक आला सूर्याची कड घेऊन, संध्याकाळी दुसरा आला मध्य घेऊन. सूर्य कुठून उगवतो, उगवतो की नाही, मला कशाशीच कर्तव्य नव्हतं. म्हटलं, बरोबर आहे. म्हणजे उठून जाल. तुम्ही उठून गेलात ते सहा वर्षं गेलात."

"मग नंतर तरी सांगायचं," विद्याधरकाका म्हणाले.

"कोणाला? एकाला सांगावं तर दुसरा समोर नसायचा. आणि जितके दिवस जात गेले तितकं अवघड होत गेलं."

अच्युतकाकांनी घसा साफ केला आणि भावाला म्हणाले, "पण मध्यच बरोबर आहे."

"कसा काय मध्य?"

आणि ते जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. ग्रंथ निघाले, वेधशाळांचे दाखले निघाले, लहानपणी कोणी कोणाची पाटी फोडली तेही निघालं. सगळं थेट, मधे कोणीही नाही. आत्यानं दोनदा चहा केला. "केतकी, हे गप्प होते तेच बरं होतं का गं?" तिनं मला विचारलं, आणि डोळे पुसून पुन्हा आधण ठेवलं. निर्णय झाला नाही. मी जोडणी रद्द करून ठेवली आणि उद्या बघू म्हटलं.

सकाळी पाहते तर दोन्ही फांद्यांवर एकेक नवा बदल आलेला. दोघांनी आपापल्या कम्प्युटरवर, दुसऱ्याला न सांगता, केलेला. मला वाटलं, एकानं तरी माघार घेतली असणार. मी सगळ्यांना बोलावलं आणि पुन्हा 'गिट मर्ज' दिलं. गिट पुन्हा अडलं. त्याच ओळीवर.

वर अच्युतकाकांचं होतं: 'कड घ्यावी. विदूचे बरोबर.' खाली विद्याधरकाकांचं: 'मध्य घ्यावा. दादाचे बरोबर.'

"काल हेच उलट नव्हतं का?" कुंदाकाकूंनी विचारलं.

"तू कशाला बदललंस?" अच्युतकाका भावाला म्हणाले. "कड बरोबर आहे. मी रात्री विचार केला."

"मीही केला. मध्यच शास्त्रशुद्ध आहे."

"शास्त्र मला शिकवू नकोस. कड."

"मध्य."

"छापखान्याचा माणूस दुपारी येतोय," मी म्हणाले.

"दोघं इकडे या," तात्या म्हणाले. "शेजारी उभे राहा. आणि आता विचारा. एकदम विचारा."

पन्नाशी उलटलेले दोन गृहस्थ आरामखुर्चीसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. "तात्या, सूर्योदय कधी धरायचा?" अच्युतकाकांनी विचारलं, आणि विद्याधरकाकांनी शेवटचे दोन शब्द त्यांच्याबरोबर म्हटले.

"कड," तात्या म्हणाले. "माणूस पहाटे उठून पूर्वेला बघतो, त्याला आधी कड दिसते. ती दिसली की तो हात जोडतो. मध्य येईपर्यंत थांबत नाही. पंचांग त्या माणसासाठी आहे."

"हे तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. एकाला नाही म्हणायचं बळ नव्हतं."

विद्याधरकाकांची मूळची बाजू जिंकली होती आणि रात्री घेतलेली हरली होती. आनंद मानायचा की तक्रार करायची, हे त्यांना चटकन ठरवता आलं नाही. अच्युतकाकांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, तेही बहुधा सांत्वन म्हणून.

मी बाणांच्या रांगा पुसल्या, एकच ओळ ठेवली. "आता हे कमिट करायचं. कोणाच्या नावानं?"

"याच्या," अच्युतकाका म्हणाले.

"दादाच्या," विद्याधरकाका म्हणाले. "तो मोठा आहे."

"मोठा आहे म्हणूनच सांगतो, तुझ्या. उद्या एकादशी चुकली तर जावई माझ्याकडे नको यायला."

"माझं नाव घाल," तात्या म्हणाले.

मी गिटला नवं नाव सांगितलं: वासुदेव उकिडवे. "आणि ओळ काय लिहू?"

तात्यांनी थोडा विचार केला. "लिही, पोरं बोलायला लागली."

"तात्या," अच्युतकाका घाईघाईनं म्हणाले, "ही पंचांगाची नोंद आहे. इथे लिहिलेलं कायमचं राहतं. कोणालाही वाचता येतं."

"राहू दे," तात्या म्हणाले. "केतकी, लिहिलंस का? मग मला त्या एंटरपाशी ने."

मी त्यांचा हात धरून कम्प्युटरशी नेलं आणि बोट कळीवर ठेवलं. ते त्यांनी दाबलं, आणि बरोबर दाबलं गेलं की नाही याची खात्री नसल्यामुळे आणखी एकदा दाबलं.